वेशीवरून उठलेला दरवाजा

गेल्या वर्षी बाबा औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर, पण आमच्या बोलण्यात जुने नाव अजून येतेच) लंडनला आले, तेव्हा मी त्यांना सेंट पॉल्स कॅथीड्रल दाखवायला नेले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपण सगळेच नेतो, तसे. कॅथीड्रल पाहून आम्ही उत्तरेच्या अंगाने बाहेर पडलो आणि पॅटर्नोस्टर चौकाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या दगडी कमानीसमोर आलो. मी नेहमीच्या उत्साहाने सुरुवात केली : "बाबा, हा टेंपल बार. लंडन शहराच्या जुन्या दरवाजांपैकी आज उभा असलेला हा एकच."

बाबा कमानीखालून पलीकडे गेले, परत अलीकडे आले, हात मागे बांधून त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिले आणि विचारले, "याची वेस कुठंय?"

"म्हणजे?"

"अरे, दरवाजा म्हटलं की वेस आली. या अंगाला गाव, त्या अंगाला गावाबाहेर. इथं तर दोन्हीकडे गावच दिसतंय की."

माझे ऑफिस या कमानीपासून दहा मिनिटांवर आहे. दुपारचे सँडविच हातात घेऊन मी तिच्याखालून शेकडो वेळा गेलो असेन. मी कमानींच्या गणितावर पीएच. डी. केली, पुढे पोटासाठी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो, पण कमान दिसली की अजूनही मान आपोआप वर जाते. तरी हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. हा लेख म्हणजे बाबांच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. तो लिहिण्यामागे आणखी एक घरगुती कारण आहे, ते शेवटी सांगतो.

ट्यूबमध्ये आणि बसच्या पाट्यांवर आपण रोज नावे वाचतो : आल्डगेट, मूरगेट, बिशप्सगेट, लडगेट. ही सगळी सिटीच्या तटबंदीतल्या दरवाजांची नावे. त्यांतला एकही आज उभा नाही. बहुतेक सगळे १७६०च्या दशकात रस्ते मोकळे करण्यासाठी पाडले गेले. टेंपल बार मात्र तटबंदीत नव्हताच. शहराची हद्द पश्चिमेला तटाच्या बाहेर सरकली होती आणि जिथे फ्लीट स्ट्रीट संपून स्ट्रँड सुरू होतो, तिथे ती येऊन थांबली होती. एका बाजूला व्यापाऱ्यांची सिटी, दुसऱ्या बाजूला राजाचे वेस्टमिन्स्टर. या हद्दीवरच्या 'बार'चा पहिला उल्लेख १२९३चा सापडतो. तेव्हा तिथे दोन खांब आणि मध्ये आडवी साखळी एवढेच असावे. आपल्याकडे जकात नाक्यावर आडवा बांबू असे, तसलाच प्रकार. पुढे तिथे दरवाजा झाला, त्याच्यावर कोठडी झाली.

१६६६च्या मोठ्या आगीतून तो दरवाजा वाचला होता, पण मोडकळीला आला होता. १६६९ ते १६७२ या काळात तो पोर्टलंडच्या दगडात नव्याने बांधला गेला. काम ख्रिस्तोफर रेनचे, असे परंपरेने मानतात. मध्ये गाड्यांसाठी मोठी कमान, दोन्ही अंगांना पायी जाणाऱ्यांसाठी छोट्या कमानी, वर खोली आणि कोनाड्यांत राजघराण्यातले चार पुतळे. आज आपण पाहतो ती हीच वास्तू.

आता तिच्याकडून काय काय कामे करून घेतली ते पाहा. पहिले काम मानाचे. राजा सिटीत समारंभाने येणार असेल, तर त्याने इथे थांबायचे; लॉर्ड मेयरने आपली तलवार पुढे करायची; राजाने तिला हात लावून ती परत करायची आणि मग आत यायचे. पैसेवाल्यांनी सत्तेला 'या, पण विचारून या' असे सभ्यपणे सांगण्याची ही रीत होती.

दुसरे काम भीती घालण्याचे. १६८४ पासून राजद्रोहाच्या आरोपाखाली मारलेल्यांची मुंडकी आणि अवयव या दरवाजावर लोखंडी सळ्यांना खोचून ठेवू लागले. १७४५च्या जॅकोबाइट बंडानंतरची दोन मुंडकी तर पुढे पंचवीस-एक वर्षे तिथे होती. अर्ध्या पेनीत दुर्बीण भाड्याने देऊन ती दाखवणारे लोकही खाली उभे असत! 'अब्रू वेशीवर टांगणे' हा वाक्प्रचार आपण मराठीत किती सहज वापरतो; इथे लोकांनी तो अक्षरशः करून दाखवला. तिसरे काम अगदीच साधे : शेजारच्या चाइल्ड्स बँकेने वरची खोली भाड्याने घेऊन तिथे जुन्या हिशेबाच्या वह्या ठेवल्या. ज्या वास्तूवर काल मुंडकी होती, तिच्याच पोटात आज खातेवह्या. चौथे काम कोणी सोपवलेले नव्हते, पण एकोणिसाव्या शतकात तेच मुख्य होऊन बसले : वाहतूक अडवणे.

शेजारी न्यायालयाच्या नव्या इमारतीचे खोदकाम सुरू झाले, तशी कमान खचली आणि तिला लाकडी टेकू द्यावे लागले. कमान म्हणजे दाबावर उभे असलेले दगड. पायाखालची जमीन बोटभर हलली तरी वरचा मधला दगड आधी तक्रार करतो. शेवटी १८७८ साली दरवाजा उतरवला. सिटीने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. पाडून टाकण्याऐवजी अडीच हजारांहून अधिक दगड एकेक करून काढले, त्यांना क्रमांक दिले आणि ते एका आवारात रचून ठेवले. रिकाम्या जागी १८८० साली एक स्मारक उभारले. त्यावरचा पंख पसरलेला ड्रॅगन आजही फ्लीट स्ट्रीटवर दिसतो.

दगड दहा वर्षे पडून होते. मग बिअरच्या धंद्यातल्या सर हेन्री म्यूक्स यांच्या पत्नी लेडी म्यूक्स यांच्या मनात ते भरले. हर्टफर्डशरमधल्या थिओबाल्ड्स पार्क या त्यांच्या इस्टेटीच्या फाटकावर १८८८ मध्ये टेंपल बार पुन्हा उभा राहिला. राजाला थांबवणारा दरवाजा बाईसाहेबांच्या बागेचे फाटक झाला आणि वरच्या खोलीत मेजवान्या झडू लागल्या. पुढे ते वैभव ओसरले आणि कमान झाडीत पडून राहिली. १९७६ साली तिला परत आणण्यासाठी एक ट्रस्ट निघाला. त्या ट्रस्टने १९८४ मध्ये ती एका पौंडाला विकत घेतली. २००३ मध्ये दगड पुन्हा सुटे झाले, पुन्हा क्रमांक पडले, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक खर्चून टेंपल बार सेंट पॉल्सशेजारी उघडला गेला.

इथवर गोष्ट गोड आहे. सव्वाशे वर्षांनी घरी परतलेल्या दरवाजाची गोष्ट आपल्यासारख्यांना तर जास्तच गोड लागते. त्या कामातल्या कारागिरीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सांधे पाहा, जुन्या दगडाशेजारी बसवलेला नवा दगड पाहा. लपवाछपवी नाही आणि भपकाही नाही. मला खटकते ते वेगळे. हा दरवाजा घरी परतला, असे जे सांगितले जाते, ते खरे नाही. तो गावी परतला, पण घरी नाही.

घर होते फ्लीट स्ट्रीटच्या टोकाला, हद्दीवर. आणि गंमत अशी, की दरवाजाचे सर्वांत जुने काम अजून तिथेच चालते. २००२ साली राणी एलिझाबेथ सुवर्णमहोत्सवानिमित्त सिटीत आल्या, तेव्हा त्यांची गाडी त्या ड्रॅगनपाशी थांबली आणि तलवारीचा मानही तिथेच झाला. दरवाजा त्या वेळी हर्टफर्डशरच्या झाडीत होता. समारंभाचे त्याच्यावाचून काही अडले नाही. म्हणजे दगड गेले तरी वेस जागेवरच राहिली. आता दगड परत आले आहेत, तरी वेशीला त्यांची आठवण येत नाही.

माझ्या धंद्यात असा अनुभव नेहमी येतो. वीस वर्षांपूर्वीचा एखादा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर नेऊन बसवतात. एक अक्षरही बदललेले नसते. तो सुरू होतो, एकही चूक दाखवत नाही. फक्त तो ज्या इतर प्रोग्रॅमांशी बोलायचा, ते आता राहिलेले नसतात. मग तो नुसता चालू असतो. साहेबांना वाटते, काम फत्ते!

नव्या जागेची निवड वरवर पाहता छान आहे. रेनच्या कॅथीड्रलशेजारी रेनचा दरवाजा. पण रेनने या दोन वास्तू शेजारी कधी कल्पिल्या नव्हत्या. या भागावर डिसेंबर १९४०च्या बाँबहल्ल्यात आग ओतली गेली, युद्धानंतर तिथे कोणालाच न आवडलेल्या कार्यालयांच्या इमारती उठल्या, त्याही पाडून २००३च्या सुमारास आजचा पॅटर्नोस्टर चौक झाला. नव्या चौकाला जुनेपणाची झाक हवी होती आणि जुन्या दरवाजाला जागा हवी होती. लग्न जमले. यात अडचण एवढीच, की हा चौक दिसतो सार्वजनिक, पण आहे खाजगी मालकीचा. लंडनचे शेअर मार्केट याच चौकात आहे.

हे खाजगीपण आपल्याला एरवी जाणवत नाही. ते जाणवले ऑक्टोबर २०११ मध्ये. आर्थिक मंदीनंतर बँकांच्या विरोधात निदर्शने करणारे लोक शेअर मार्केटसमोर जमायला निघाले. मालकांनी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला आणि पोलिसांनी चौकाच्या वाटा अडवल्या. टेंपल बारची वाटही त्यांतलीच एक. लोक मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांपाशी तंबू ठोकून बसले, ते फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीपर्यंत. सात वर्षे शोभेला उभा असलेला दरवाजा त्या दिवसांत पुन्हा दरवाजा झाला. अलीकडे लोक, पलीकडे पैसा. ज्या दरवाजाने एके काळी राजाला 'विचारून या' म्हटले, त्याच्यापाशी आता शहरातल्याच माणसांना 'येऊ नका' सांगितले गेले. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. याची वेस आहे. ती रोज दिसत नाही, इतकेच.

आता आमच्या गावाकडे वळतो, कारण टीका करायची तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काहीतरी हवे. औरंगाबादला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून त्याने बांधलेला भडकल दरवाजा १६१२चा, म्हणजे टेंपल बारपेक्षा साठ वर्षांनी जुना. औरंगजेबाने पुढे १६८२ मध्ये तटबंदी उभारली आणि तिला दरवाजे ठेवले. दरवाजांची नावेही कशी, तर रस्ता जिथे जातो त्या गावाची. दिल्लीकडे तोंड तो दिल्ली दरवाजा, पैठणच्या वाटेवरचा पैठण दरवाजा, मक्केच्या दिशेचा मकाई दरवाजा. दरवाजा स्वतःबद्दल काही सांगत नाही, तुम्हाला कुठे जायचे ते सांगतो.

आमचे घर बेगमपुऱ्यात. शाळेत जायचे तर मकाई दरवाजातून खाम नदी ओलांडायची. समोरून बस आली की सायकल भिंतीला चिकटवून उभे राहायचे आणि पाठीला दगडाचा गारवा लागायचा. कमानीवर निवडणुकीची पोस्टरे, कोपऱ्यात पंक्चरवाला, वर कबुतरे. लंडनला आल्यावर बरीच वर्षे मी मित्रांना ऐटीत सांगत असे, की तुमचा दरवाजा शोकेसमध्ये आहे, आमचा अजून नोकरी करतो! वापरात असणे हेच खरे जतन, असा माझा सिद्धांत होता.

त्या दिवशी कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर बसून मी तो बाबांनाही ऐकवला. ते हसले. म्हणाले, "तीस वर्षं मी मकाई दरवाजातून कचेरीला गेलो. एकदा तरी मान वर करून पाहिलं असेल का? मागून ट्रक हॉर्न देतोय, पुढं म्हैस उभी. आज इथं बाकावर बसून पहिल्यांदा दरवाजा नीट बघितला मी."

माझा सिद्धांत तिथेच खचला. कमानींचे गणित शिकलेल्या माणसाने आणखीही एक गोष्ट स्वतःहून कबूल करायला हवी होती. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना तट असतो, तेव्हा कमानीचा बाजूला ढकलणारा रेटा त्या तटालाही टेकतो. आमच्या गावचा तट बहुतेक गेला. राहिलेल्या दरवाजांना तो रेटा एकट्याने पेलायचा, वर वाहनांचे हादरे सोसायचे आणि अधूनमधून एखाद्या उंच गाडीची धडकही खायची. माणूस मरेपर्यंत नोकरीत ठेवणे याला आपण सन्मान म्हणत नाही. मग दगडाच्या बाबतीत का म्हणावे?

तर मग निवड काय, शोकेस किंवा झीज? मला वाटते, तिसरी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या लहानपणच्या रस्त्यावरच होती. बेगमपुऱ्याजवळच विद्यापीठ. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यावरून मराठवाड्यात दलितांवर अत्याचार झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. आणि ठराव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. आमच्या घरात या विषयावर मोठ्याने बोलत नसत, आणि त्याची लाज मला आता वाटते. पुढच्या १४ जानेवारीला मी सायकल काढून पाहायला गेलो. विद्यापीठाच्या दरवाजासमोर प्रचंड गर्दी होती. गावोगावहून आलेली माणसे, पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या, कडेवर मुले, रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे गाळे. एक आजी दरवाजाजवळ गेल्या, त्यांनी खांबाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

तो दरवाजा काही चारशे वर्षांचा नाही, कोणा बादशहाने बांधलेला नाही. विद्यापीठाला फाटक लागते म्हणून बांधलेले ते फाटक. पण ज्यांना शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, त्यांनी सोळा वर्षे किंमत मोजून त्यावर नाव आणले, आणि दरवर्षी ते त्याला भेटायला येतात. त्याचे दगड उद्या क्रमांक टाकून दुसरीकडे नेले, तर लोक त्या दगडांच्या मागे जातील की जागेवर येतील? मला खात्री आहे, ते जागेवरच येतील. आणि कोणी हात लावू पाहिला तर गप्प बसणार नाहीत.

म्हणून माझी कसोटी आता अशी आहे. जुन्या दरवाजाची किंमत ठरवताना त्याचे वय, दगड आणि शिल्पकार यांची चौकशी जरूर करावी. पण त्याबरोबर दोन प्रश्न विचारावेत : हा दरवाजा कोणाला अडवण्यासाठी होता, आणि अडवल्या गेलेल्यांची गोष्ट इथे सांगितली जाते का? मकाई दरवाजा या कसोटीवर काठावर पास होतो. विद्यापीठाचा दरवाजा पहिल्या वर्गात येतो. टेंपल बार दगडाच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळवतो आणि दुसऱ्या पेपरात अडखळतो.

पण तो नापास आहे असे मी म्हणणार नाही. २०२२ पासून वास्तुरचनाकारांच्या संघाने वरची खोली हाती घेतली आहे. तिथे व्याख्याने होतात, लोकांना आत नेऊन इतिहास सांगतात. मुंडकी, खातेवह्या आणि मेजवान्या पाहिलेल्या खोलीत आता शहर कसे असावे यावर बोलणे चालते, ही मला त्या वास्तूच्या आयुष्यातली सर्वांत चांगली नोकरी वाटते. माझी सूचना एवढीच, की तलवार आणि मुंडक्यांच्या गोष्टींबरोबर ऑक्टोबर २०११चीही गोष्ट तिथे सांगावी. दरवाजा परत आल्यापासून त्याच्या बाबतीत घडलेली तीच एक खरी घटना आहे.

आता घरगुती कारण. बेगमपुऱ्यातले घर आम्ही विकले. नवा मालक ते पाडून इमारत बांधणार. घराचे पुढचे दार मात्र बाबांनी काढून ठेवले : सागवानी, जड, लोखंडी कडी-कोयंड्याचे, आतल्या अंगाने लाकडी अडसर. चौकटीवर आईच्या हातची हळदीकुंकवाची बोटे अजून दिसतात. आमच्या सौ.ची इच्छा होती, ते जहाजाने इथे आणावे. हॅरोमधल्या एका मित्राने असेच दार आणून, त्यावर काच टाकून, सुंदर टेबल केले आहे. मी मालवाहतुकीचे दरही मागवले होते. पण टेंपल बारचा अभ्यास करता करता लेडी म्यूक्स डोळ्यांसमोर येऊ लागल्या. आईच्या बोटांवर काच टाकून त्यावर कॉफीचे मग ठेवायचे, हे काही मनाला पटेना.

बाबांना विचारले. ते म्हणाले, "तुला पाहिजे असेल तर ने बाबा. पण पैठणला तुझ्या चुलतभावाच्या शेतातल्या घराला दार नाही. पत्रा लावलाय त्यानं."

दार पैठणला गेले. चौकटीसाठी भिंत थोडी फोडावी लागली. गेल्या पावसाळ्यात चुलतभावाचा फोन आला : "दादा, तुमचं दार फुगलंय. लाथ मारल्याशिवाय लागत नाही."

बाबांना सांगितले, तर म्हणाले, "ते पहिल्यापासून तसंच आहे. त्याला सांग, खालून थोडं रंधून घे."